उजेड किती आणि कुठे? : मोटारीच्या दिव्यांचा इतिहास

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘गाडीचा दिवा जरा मंद वाटतो, काहीतरी चांगलं द्या’ असे म्हटले, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असायचा, ‘किती वॉटचा देऊ?’ आता तो ‘पांढरा देऊ की पिवळा?’ असा झाला आहे. गिऱ्हाईक साठ-पंचावन्नचा बल्ब काढून शंभर-नव्वदचा घेते, किंवा मागे छोटा पंखा असलेला एलईडी बल्ब घेते, आणि समाधानाने घरी येते. उजेड वाढल्यासारखा दिसतो. पण खरोखर किती वाढतो? आणि जो वाढतो तो नेमका कुठे जाऊन पडतो? हे दोन प्रश्न मोटारीइतकेच जुने आहेत. त्यांची उत्तरे शोधताना रसायनशास्त्र, आरसे आणि भिंगे, ओहमचा नियम, डोळ्याची रचना असा आपल्या माध्यमिक अभ्यासक्रमाचा बराच मोठा भाग वाटेत भेटतो. म्हणून हा इतिहास शिक्षकांच्या उपयोगाचा आहे.

पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच दिवे होते, मेणबत्तीचे किंवा तेलाचे. ‘ही गाडी इथे आहे’ एवढे दुसऱ्याला कळावे, इतकेच त्यांचे काम. वाट पाहण्याचे काम घोड्याकडे होते. बैलाला किंवा घोड्याला रात्री घरची वाट ठाऊक असते. गाडीवान झोपला तरी गाडी घरी पोचते. मोटारीला वाट ठाऊक नसते, आणि तिचा वेगही जास्त. म्हणजे दिव्याचे काम बदलले. ‘दिसण्या’साठी असलेला दिवा आता ‘पाहण्या’साठी हवा झाला.

या कामी प्रथम आले ते कार्बाइड. थॉमस विल्सन या कॅनेडियन संशोधकाने १८९२ मध्ये अमेरिकेत विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम मिळवण्याचे प्रयोग करताना चुना आणि कोळशाची भुकटी तापवली. ॲल्युमिनियम मिळाले नाही. मिळाला एक करडा, दगडासारखा पदार्थ, कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि मागे विरलेला चुना उरतो. ॲसिटिलीनच्या वजनात ९२ टक्के कार्बन असतो. तो जळताना कार्बनचे बारीक कण ज्योतीत पांढरेशुभ्र तापून प्रकाश देतात. कंदिलाच्या पिवळ्या ज्योतीपुढे हा प्रकाश फारच प्रखर. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरले जाणारे, त्या उग्र वासाचे कार्बाइड ते हेच. वास ॲसिटिलीनचा नसून त्यातील फॉस्फीनसारख्या अशुद्ध द्रव्यांचा असतो.

दिव्याची रचना साधी होती. खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यात पाणी, मध्ये थेंब-थेंब पाणी सोडणारी चावी. उजेड कमी-जास्त करायचा तर चावी फिरवायची. मात्र प्रत्येक फेरीनंतर डब्यातला ओला चुना खरवडून काढावा लागे, थंड देशांत पाणी गोठे, आणि चावी बंद केली तरी वायू काही वेळ निघतच राही.

मग वायू घरी तयार करण्याऐवजी टाकीत भरून का विकू नये? अडचण अशी, की ॲसिटिलीन नुसता दाबून भरला तर आपोआप स्फोट पावतो. त्यावर उपाय निघाला तो विरघळवण्याचा. ॲसिटोन या द्रवात ॲसिटिलीन मोठ्या प्रमाणात विरघळतो, आणि तो द्रव सच्छिद्र पदार्थात मुरवून ठेवला की टाकी सुरक्षित राहते. वेल्डिंगच्या दुकानातली ॲसिटिलीनची टाकी आजही आतून अशीच असते. अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी १९०४ मध्ये ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ नावाने मोटारीच्या दिव्यांसाठी अशा टाक्या विकायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्यात स्फोटही झाले आणि पैसाही भरपूर झाला; इंडियानापोलिसची प्रसिद्ध मोटार-शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्यांत हे दोघेही होते. टाकीत भरण्याचा सच्छिद्र पदार्थ अधिक भरवशाचा केला तो स्वीडनच्या गुस्ताफ डालेन याने. दीपगृहांच्या वायुदिव्यांसाठी स्वयंचलित नियंत्रक शोधल्याबद्दल त्याला १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी टाक्यांच्या चाचणीत झालेल्या स्फोटात त्याचे डोळे गेले. पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ गेला, आणि तो भाऊ डोळ्यांचा डॉक्टर होता. डालेन त्यानंतरही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपली कंपनी चालवत होता.

आता ज्योतीमागच्या आरशाकडे पाहू. अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराच्या आरशाच्या नाभीशी प्रकाशाचा बिंदू ठेवला, तर परावर्तित किरण एकमेकांना समांतर निघतात. हे आपण फळ्यावर काढून दाखवतो, पण ‘बिंदू’ या शब्दावर पुरेसा भर देत नाही. ज्योत हा बिंदू नाही. ती एक-दोन सेंटिमीटर उंचीची, हलणारी वस्तू आहे. नाभीच्या थोड्या वरच्या भागातून निघालेले किरण परावर्तनानंतर थोडे खाली जातात, खालच्या भागातले वर. म्हणून ज्योतीचा झोत पसरट होतो. प्रकाशाचा उगम जितका लहान, तितका झोत आपल्या ताब्यात. पुढच्या शंभर वर्षांत दिवे बदलत गेले ते बहुतांशी याच कारणाने, असे मला वाटते. ‘जास्त प्रखर’ हे कारण दुय्यम.

विजेचा दिवा मोटारीवर यायला वेळ लागला. १८९८ मध्ये कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या मोटारीला विजेचे दिवे मिळत. पण कार्बनचा तंतू खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तुटे, आणि पेट्रोलच्या मोटारीत वीज आणायची कुठून हा प्रश्न होता. विल्यम कूलिज याने १९१० च्या सुमारास ठिसूळ टंगस्टनची ओढता येणारी तार बनवण्याची रीत शोधली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग याने गाडी सुरू करणारे विजेचे यंत्र, डायनॅमो, बॅटरी आणि दिवे अशी पूर्ण व्यवस्था बसवली. १९१३ मध्ये अर्विंग लँगम्यूर याने बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरला, म्हणजे तापलेल्या टंगस्टनचे बाष्पीभवन मंदावते. आणि वायूमुळे उष्णता जास्त वाहून जाऊ नये म्हणून तंतूला गुंडाळून वेटोळे केले. या वेटोळ्याचा एक आनुषंगिक फायदा मोटारीला मिळाला: उगम लहान झाला. आता आरसा आपले काम नीट करू लागला.

आणि इथेच दुसऱ्या प्रश्नाने डोके वर काढले. झोत नेमका झाला, लांब जाऊ लागला, आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरू लागला.

आपले विद्यार्थी कधी कधी समजतात, की ‘डिपर’ हा शब्द ‘दिपणे’ यावरून आला. तसे नाही, इंग्रजीत त्याचा अर्थ खाली झुकवणारा. पण डोळे दिपू नयेत म्हणूनच तो असल्यामुळे समजूत अगदीच वाया जात नाही. ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही ओळ वाचतच आपली एक पिढी लहानाची मोठी झाली आहे. १९१५ मध्ये अमेरिकेतील गाइड लॅम्प कंपनीने झुकवता येणारे दिवे काढले, पण त्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावे लागे. १९१७ च्या कॅडिलॅकमध्ये आतून दांडी ओढून दिवे झुकवता येऊ लागले. नंतर १९२४ मध्ये ‘बायलक्स’ बल्ब आला. त्यात एकाच काचेत दोन तंतू होते आणि हलणारा भाग एकही नव्हता. १९२७ पासून पायाने दाबायचे बटन आले. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत क्लचच्या डावीकडे जमिनीवर असायचे ते हेच.

या दोन तंतूंची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. लांबच्या झोताचा तंतू, ज्याला गॅरेजमध्ये ‘अप्पर’ म्हणतात, तो नाभीशी असतो. ‘डिपर’चा तंतू नाभीच्या थोडा पुढे असतो. तिथून निघून आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडलेले किरण परावर्तनानंतर खाली झुकतात. खालच्या अर्ध्या भागावर पडलेले मात्र वर जातात आणि डोळ्यांत शिरतात. म्हणून या तंतूच्या खाली धातूची एक छोटी पन्हळ असते. ती खालच्या अर्ध्या आरशाकडे जाणारा प्रकाश अडवते. डिपरवर असताना आरशाचा फक्त वरचा भाग काम करतो. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९३९ साल दोन कारणांनी महत्त्वाचे. अमेरिकेत आरसा, तंतू आणि काच असे सगळे मिळून एकच बंद भांडे असलेला ‘सील्ड बीम’ दिवा आला, आणि १९४० च्या मोटारींपासून सात इंच व्यासाचे असे दोन गोल दिवे हाच नियम झाला. आरशावर धूळ-ओल बसण्याचा प्रश्न मिटला, कुठल्याही गावात तोच दिवा मिळू लागला. पण नियमाने संशोधनही गोठवले. चार लहान दिव्यांना १९५७ मध्ये, चौकोनी दिव्यांना १९७०च्या दशकाच्या मध्यात आणि बदलता येणाऱ्या बल्बला १९८३ मध्ये परवानगी मिळाली. युरोपात तोवर बरेच काही होऊन गेले होते.

दुसरे कारण युद्धाचे. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये विमानहल्ल्याच्या भीतीने अंधार पाळला जाऊ लागला. रस्त्यावरचे दिवे बंद, आणि मोटारीच्या दिव्यांवर फटी असलेले झाकण. ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये रस्त्यांवर ६,६४८ माणसे मरण पावली होती. १९३९ मध्ये ८,२७२ आणि १९४१ मध्ये ९,१६९. पेट्रोलवर नियंत्रण होते, गाड्या कमी झाल्या होत्या, तरी आकडा वाढला. मेलेल्यांत पायी चालणारे मोठ्या संख्येने होते. दिवा नसला तर काय होते याचा असा प्रयोग कोणी मुद्दाम केला नसता.

युद्धानंतर युरोपात १९५०च्या दशकात डिपरचा झोत एकसारखा न ठेवता तिरपा कापलेला ठेवण्याची पद्धत आली. आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशात समोरचा माणूस उजवीकडे असतो, म्हणून उजवीकडे झोत खाली तुटतो आणि डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, सुमारे पंधरा अंशांनी वर चढतो. त्यामुळे कडेने चालणारा माणूस, सायकल, बैलगाडी लांबून दिसते. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी केलेला दिवा हौसेने आणून बसवला, तर तो बरोबर उलटे काम करतो: कडेला अंधार, आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड. गंमत म्हणजे दिवा दिसायला तसाच असतो.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९३६ च्या कायद्याने तिथे मोटारींचे पुढचे दिवे पिवळे झाले आणि १९९३ पर्यंत तसेच राहिले. पिवळ्या काचेने निळा-जांभळा भाग गाळला जातो, त्यामुळे डोळे कमी दिपतात, असा दावा होता. पण गाळल्यामुळे एकूण उजेडही घटतो, म्हणजे दिपणे कमी होण्यातला काही वाटा त्याचाच. ‘पिवळा दिवा धुके भेदतो’ हे आपल्याकडेही घाटात गाडी चालवणारे सांगतात. आकाश निळे का दिसते याचे स्पष्टीकरण इथे लावण्याचा मोह होतो, पण ते लागू पडत नाही. हवेचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असतात, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात आणि सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली, बंपरजवळ असण्याचा आणि झोत रुंद व वर धारदार कापलेला असण्याचा. मग डोळ्यांसमोरचे धुके उजळत नाही आणि त्याखालचा रस्ता दिसतो. आंबोली किंवा खंडाळ्याच्या धुक्यात अप्पर लावून पाहिला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, ती याचमुळे.

आता आपल्याकडचा एक उपाय. काही दशकांपूर्वी आपल्या रस्त्यांवरच्या ट्रक, मोटारी, स्कूटर यांच्या दिव्यांच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवलेला असे. वाहतूक पोलीसही तसा आग्रह धरत. कल्पना अशी, की वर जाणारा उजेड वरच्या काळ्या पट्ट्याने अडेल. शिक्षकांनी इथे भिंगाचा तो ठरावीक प्रश्न आठवावा: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा अर्धी होईल का? मुले हमखास ‘हो’ म्हणतात. प्रयोग केला की प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधूक होते. भिंगाच्या प्रत्येक भागातून जाणारे किरण पूर्ण प्रतिमा बनवतात. आरशाचेही तेच. वरच्या काचेतून बाहेर पडणारे किरण वरच जातात असे नाही. अप्परवर ते सरळ जातात, आणि पन्हळ असलेल्या बल्बच्या डिपरवर तर ते खाली जातात. म्हणजे काळा रंग रस्त्यावर पडणारा कामाचा उजेडच अडवत होता. समोरच्याला त्रास थोडा कमी होई, कारण एकूण उजेडच कमी होई. चालवणाऱ्याचे मात्र दुहेरी नुकसान. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गोष्ट नेमक्या मापांत मांडली आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला दिपवणारा झोत नसावा. रंगाचा डबा नव्हे, टेप घेऊन तपासण्याचा हा नियम आहे.

दरम्यान बल्ब पुन्हा बदलला. टंगस्टनचा तंतू जितका जास्त तापवावा तितका प्रकाश जास्त आणि पांढरा. पण तितकेच बाष्पीभवन जास्त, काच काळी पडते आणि तंतू झिजून तुटतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९५०च्या दशकात बल्बमध्ये थोडे आयोडीन घालून पाहिले गेले. काचेजवळ टंगस्टनची वाफ आयोडीनशी संयोग पावते, ते संयुग काचेवर न चिकटता फिरत तंतूजवळ येते, आणि तिथल्या प्रचंड उष्णतेने फुटून टंगस्टन परत तंतूवर बसते. ही उलटसुलट अभिक्रिया चालू राहायला काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली लागते. म्हणून काच तंतूच्या अगदी जवळ, बोटाच्या पेराएवढी, आणि क्वार्ट्झची. ती बोटांनी धरू नये असे डब्यावर लिहिलेले असते, कारण घामातील क्षारांमुळे तापलेल्या क्वार्ट्झचे स्फटिकीकरण सुरू होऊन ती तडकते. युरोपात १९६२ मध्ये एक तंतूचा एच-१ आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४ बल्ब आला. एच-४ म्हणजेच आपला साठ-पंचावन्न: अप्पर ६० वॉट, सुमारे १,६५० लुमेन; डिपर ५५ वॉट, सुमारे १,००० लुमेन. डिपरचा प्रकाश इतका कमी, कारण त्यातला काही भाग ती पन्हळच गिळते.

हाच बल्ब काढून शंभर-नव्वदचा घातला तर काय होते, याचे गणित आता करू. दहावीच्या वर्गात ते पंधरा मिनिटांत होते. दोन्ही अप्पर मिळून १२० वॉट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर धारा. बॅटरीपासून बटनापर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंतच्या तारा, जोड, जमिनीला जोडलेले गंजके टोक, या सगळ्यांचा रोध समजा फक्त ०.१ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १ व्होल्ट वाटेतच हरवतो. इंजिन चालू असताना १३.२ व्होल्ट असतील, तर दिव्याला १२.२ मिळतात. तंतूच्या दिव्याचा प्रकाश विभवांतराच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. १२.२ भागिले १३.२ याचा ३.४ वा घात होतो ०.७७. एका व्होल्टने जवळजवळ पाव उजेड गेला! जुन्या स्कूटरचा दिवा इंजिन मंद झाले की मिणमिणायचा, त्यामागेही हाच घात होता. तिथे दिव्याला वीज बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोकडून येत असे.

आता १०० वॉटचे दोन बल्ब. धारा सुमारे १६.७ अँपिअर, वाटेत १.६७ व्होल्ट खर्च, दिव्याला ११.५. प्रकाश मूळच्या क्षमतेच्या ०.६३ पट. वॉट १.६७ पट झाले, पण रस्त्यावरचा उजेड पूर्वीच्या १.३७ पटच झाला. आणि अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम लावला, की जी वस्तू आधी १०० मीटरवर दिसत होती ती आता जेमतेम ११७ मीटरवर दिसणार. त्या बदल्यात तारांमध्ये निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २.८ पट. होल्डरचे प्लॅस्टिक वितळलेले आणि आरशाची चकाकी करपलेली उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये पाहायला मिळतील.

याउलट, जुनाच साठ-पंचावन्नचा बल्ब ठेवून बॅटरीपासून जाड तार आणली, मध्ये रिले बसवला, जमिनीचा जोड घासून स्वच्छ केला आणि वाटेतला खर्च ०.२ व्होल्टवर आणला, तर प्रकाश ०.९५ पटीवर येतो. म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे २४ टक्के जास्त. आणि झोत जिथे पडायचा तिथेच पडतो. दुकानदाराला यात फारसे मिळत नाही, म्हणून तो हे क्वचित सांगतो. नव्या काही गाड्यांत ही व्यवस्था मुळातच असते. तिथे हा खटाटोप व्यर्थ.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एका महागड्या मोटारीवर झेनॉनचा दिवा आला. त्यात तंतूच नाही. वीस हजार व्होल्टहून अधिक दाबाच्या ठिणगीने झेनॉन वायूत विद्युत-कमान पेटते. ३५ वॉटमध्ये ३,२०० लुमेन, एच-४ च्या डिपरच्या तिप्पट. एवढा उजेड चुकीच्या जागी गेला तर काय होईल हे ओळखून युरोपच्या नियमांनी अशा दिव्यांबरोबर गाडीच्या झुकण्याप्रमाणे आपोआप खाली-वर होणारी योजना आणि काच धुणारी यंत्रणा आवश्यक केली. काचेवरची धूळही प्रकाश विखुरते.

त्यानंतर एलईडी. निळ्या एलईडीवरील कामासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. २००७ मध्ये लेक्ससच्या मोटारीवर डिपरसाठी, आणि २००८ मध्ये ऑडीच्या मोटारीवर सगळ्याच कामांसाठी एलईडी आले. पुढे अनेक एलईडींची ओळ करून, कॅमेऱ्याने समोरची गाडी ओळखून तेवढाच भाग विझवणारे दिवे निघाले. बाकी रस्ता अप्परमध्येच राहतो. अमेरिकेने अशा दिव्यांना २०२२ मध्ये परवानगी दिली.

पण हे सगळे दिवे मुळापासून एलईडीसाठी आखलेले होते. दुकानात मिळतो तो जुन्या एच-४ च्या जागी बसणारा बल्ब, आणि तिथे गोष्ट पुन्हा आरशाच्या नाभीवर येते. एच-४ चा तंतू साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांब, पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक, आणि सर्व बाजूंना प्रकाश देणारा. आरशाचा प्रत्येक भाग आणि आजकाल संगणकाने काढलेला त्याचा प्रत्येक पैलू या एका तंतूची जागा धरून आखलेला. एलईडीचे तुकडे मात्र एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले. पट्टीला जाडी आहे, म्हणून दोन्ही बाजूंचे उगम नाभीपासून बाजूला. आणि वर-खाली जवळजवळ प्रकाश नाही. परिणामी कापलेली कड पुसट होते, उजेड वर सांडतो, गाडीसमोरचा दहा-पंधरा मीटरचा तुकडा झगझगीत उजळतो. चालवणाऱ्याला वाटते, काय लख्ख दिसते! पण जवळचा झगझगाट बाहुली लहान करतो आणि लांबचे आणखी अंधूक होते. डब्यावरचे लुमेन खरे असले तरी ते बल्बमधून निघणारे आहेत, रस्त्यावर पोचणारे नाहीत. तंतूच्या जागी तंतोतंत बसणारा एलईडी बनवता येत नाही असे नाही. जर्मनीत २०२० मध्ये अशा एका बल्बला मान्यता मिळाली, पण तपासून पाहिलेल्या ठरावीक मोटारींपुरतीच. हवा त्या दिव्यात घालायला नव्हे. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ आराखड्याशी विसंगत फेरफार करायला मनाई आहे.

साध्या घरगुती मोटारीसाठी मग काय निवडावे? आधी वेगाचे माप घेऊ. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ४१. एकूण ७४ मीटर. डिपरवर गडद कपड्यांतला माणूस इतक्या लांबून बहुधा दिसत नाही. ताशी ६० ला हेच अंतर ४८ मीटर होते. वेगातले हे वीस किलोमीटर जे देतात ते कोणताही बल्ब देत नाही.

पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच बारीक पॉलिश-कागदाने घासून स्वच्छ करणे किंवा बदलणे हा पहिला खर्च. सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिकार्बोनेट पिवळे पडते, खरवडले जाते आणि धुळीसारखाच प्रकाश विखुरते. दुसरा खर्च तारा आणि रिलेचा, जर मोजल्यावर व्होल्ट कमी भरले तर. तिसरा, त्याच वॉटचा, नामांकित कंपनीचा नवा बल्ब. जुन्या बल्बचा तंतू कालांतराने मंदावतो. आणि ज्यांच्याकडे जीप किंवा ॲम्बॅसॅडरसारखी सात इंची गोल दिव्यांची जुनी गाडी आहे, त्यांना आरसा-काचेसह पूर्ण दिवाच, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी मान्यता असलेला, बदलता येतो. खरी सुधारणा म्हणता येईल ती हीच, कारण तिथे उगम आणि आरसा एकमेकांसाठी आखलेले असतात.

चौथ्या गोष्टीला खर्च नाही. संध्याकाळी शाळेच्या भिंतीसमोर सपाट जमिनीवर गाडी दहा मीटर दूर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारावी, आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरची कापलेली कड दुसऱ्या रेघेवर यायला हवी. दहा मीटरला दहा सेंटिमीटर म्हणजे शंभरात एक उतार; दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोत ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आता मागच्या आसनावर तीन मुलांना बसवावे, डिकीत पुस्तकांचे दोन गठ्ठे ठेवावेत, आणि रेघ पुन्हा पाहावी. गाडीचे तोंड अर्धा अंश वर झाले तरी कड जवळजवळ नऊ सेंटिमीटरने वर चढते, म्हणजे पहिल्या रेघेला येऊन भिडते. दिवाळीत सामानाने भरून गावी निघालेल्या मोटारीचा डिपर समोरच्याला अप्पर का वाटतो ते मुलांना तिथल्या तिथे दिसते. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकडे असलेली एक लहान चकती बऱ्याच गाड्यांत असते. ती एकेका आकड्याने फिरवत कड पुन्हा खालच्या रेघेवर आणावी आणि किती वजनाला कोणता आकडा लागतो, ते वहीत लिहून ठेवावे.